दगडाचे गाव कोणते?



दोन अंकांपूर्वी या सदरात आदिमानवाच्या दगडी हत्यारांविषयी चार ओळी आल्या होत्या. त्यावर नववीत शिकणाऱ्या एका मुलीचे पोस्टकार्ड आले. अक्षर वळणदार आणि प्रश्न रोखठोक. ती विचारते, तीन लाख वर्षांपूर्वीची माणसे अमुक इतके किलोमीटर चालली असे पुस्तकात छापलेले असते. पण त्या माणसांना लिहिता येत नव्हते आणि त्यांना पाहिलेला आज कोणी नाही. मग हे सांगणारे शास्त्रज्ञ आणि पुराणातल्या गोष्टी सांगणारे बुवा यांच्यात फरक काय? छापले आहे म्हणून मानायचे असेल, तर ही देखील एक पोथीच झाली की!

मला हा प्रश्न मोलाचा वाटला. कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, पुरावा मागा, असे आपण घरात मुलांना सांगतो. मग शास्त्रज्ञांनाही तोच काटा लावला पाहिजे. ज्या वजनाने बुवाला तोलायचे, त्याच वजनाने प्राध्यापकाला तोलायचे. नाही तर मुले म्हणतील, आईबाप फक्त एक पोथी काढून दुसरी हातात देतात. म्हणून आजचे सगळे सदर या एकाच प्रश्नासाठी ठेवले आहे. जेवणे झाल्यावर घरातल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावे आणि जिथे पटणार नाही तिथे थांबून विचार करावा.

दगड स्वतः चालत नाही

मुळात गोष्ट साधी आहे. दगडाला पाय नसतात. एखाद्या ठिकाणी घडवलेले दगडी हत्यार सापडले आणि त्या जातीचा दगड त्या परिसरात कुठेच नसला, तर तो दगड तिथे कोणी तरी किंवा कशाने तरी आणला असला पाहिजे. मूळ जागा सापडली की दोन ठिकाणांमधले अंतर मोजता येते. तेवढे अंतर त्या दगडाने काटले, हे नक्की. माणूस किती चालला हे आपल्याला दगडाच्या प्रवासावरून कळते, म्हणून आधी दगडाचे गाव शोधावे लागते.

आपल्यातल्या किती तरी घरांना दगडाची पारख नवीन नाही. दगडखाणीवर, खडी केंद्रावर, रस्त्याच्या कामावर ज्यांनी घाम गाळला त्यांना विचारा. पाथरवट छिन्नी लावण्याआधी दगडावर ठोका मारून नाद ऐकतो. फुटका दगड बद्द वाजतो, साबूत दगड खणखणतो. जात्याला, पाट्याला टाकी लावणारी बाई दगडावरून हात फिरवून सांगते की, याची भुकटी पिठात उतरेल की नाही. वीटभट्टीवर काम केलेला माणूस विटेचा रंग पाहून माती कुठली असेल ते सांगतो. शास्त्रज्ञ करतात ते याच्याच पुढचे काम आहे. फरक इतकाच की, ते हाताची पारख आकड्यांत मांडतात, म्हणजे दुसऱ्या माणसाला ती पुन्हा तपासता येते.

दगडाची ओळख कशी पटवतात?

पहिली ओळख डोळ्यांनी. रंग, कण, चमक, फुटण्याची तऱ्हा. पण डोळा फसतो. दोन वेगळ्या डोंगरांतला दगड सारखा दिसू शकतो आणि एकाच डोंगरातला दगड दोन रंगांचा असू शकतो.

दुसरी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली. दगडाची चकती कापून ती घासत घासत इतकी पातळ करतात की तिच्यातून प्रकाश आरपार जातो. जाडी एका मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी फक्त तीन भाग. मग त्यातले खनिजांचे कण आणि त्यांची मांडणी दिसते.

तिसरी ओळख रसायनाची, आणि इथे ज्वालामुखीची काच फार उपयोगी पडते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. ज्वालामुखीतून आलेला विशिष्ट प्रकारचा रस झपाट्याने थंड झाला की त्यात कण तयार होत नाहीत, तो काचेसारखा गोठतो. बहुधा काळा, चकचकीत. फोडला की त्याची धार पात्यासारखी निघते, म्हणून आदिमानवाला तो अतिशय प्रिय होता. अशी काच फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि दर ठिकाणच्या काचेत झिर्कोनियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम अशी मूलद्रव्ये वेगवेगळ्या प्रमाणात असतात. प्रमाण अगदी कमी, दहा लाख भागांत काही दहा किंवा काही शे भाग. तरी एका उद्रेकातल्या काचेत ते बहुतेक सगळीकडे सारखे असते. एका घमेल्यात कालवलेल्या मालाचे मीठ जसे सगळीकडे सारखे लागते, तसेच हे.

या काचेवर क्ष-किरण सोडले की आतले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकते. यंत्र ते मोजते आणि कोणते मूलद्रव्य किती ते सांगते. यासाठी दगड फोडावा लागत नाही. आता तर हातात धरून नेण्यासारखी यंत्रेही आली आहेत. मग डोंगरावरच्या काचेचे आकडे आणि हत्याराचे आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर गाव सापडले. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का पाहून पत्र कुठून आले ते आपण ओळखतो, तसा हा दगडावरचा शिक्का समजा.

हे काम पहिल्यांदा नीट मांडले ते जॉन्सन कॅन आणि कॉलिन रेन्फ्रू या दोन इंग्रज संशोधकांनी. एक भूशास्त्राचा, दुसरा पुरातत्त्वाचा. भूमध्य समुद्राच्या भागातील काचेवरचा त्यांचा निबंध १९६४ साली छापून आला. तेव्हापासून जगभर हे तंत्र वापरले गेले आहे. पण त्याला एक अट आहे, ती मुलांनी लक्षात ठेवावी. एका खाणीतल्या दगडा-दगडांत जेवढा फरक असेल, त्याहून जास्त फरक दोन खाणींमध्ये असला पाहिजे. तो नसेल तर गाव सांगता येणार नाही, आणि खरा संशोधक तसे स्पष्ट लिहितो.

शंका काढा, मगच माना

आता वकिलासारखे उलट तपासणी करू. दगड दूरचा आहे हे मानले. पण तो माणसानेच आणला कशावरून?

पहिली शंका नदीची. पुराच्या पाण्यात मोठमोठे गोटे वाहत येतात. तसा हा दगड वाहत आला असेल! यावर तपासणी अशी की, वाहत आलेला दगड घासून गोल, गुळगुळीत होतो. हत्यार घडवताना त्याची बाहेरची साल थोडी कुठे तरी शिल्लक राहते. ती साल नदीतल्या गोट्याची आहे की डोंगरातून काढलेल्या ढेपेची, हे ओळखता येते. शिवाय नदी उतारानेच वाहते. मूळ डोंगर नदीच्या खोऱ्याबाहेर असेल, किंवा चारी दिशांचे दगड एकाच ठिकाणी आले असतील, तर नदीवर आळ घेता येत नाही.

दुसरी शंका याहून अवघड आहे. एकच माणूस एवढे चालला, की दगड या हातातून त्या हातात असा पुढे सरकला? दगड शंभर किलोमीटर गेला म्हणून माणूस शंभर किलोमीटर गेला असे होत नाही. गावाकडची चटणी मुंबईला आपल्या घरी येते, पण म्हणून आजी दर वेळी मुंबईला येतेच असे नाही. कोणी तरी येणाऱ्याच्या पिशवीतून ती धाडते. हे ओळखण्यासाठी संशोधक मालाचे प्रमाण पाहतात. तुर्कस्तान आणि त्याच्या आसपासच्या भागात, सुमारे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यांत रेन्फ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, काचेच्या डोंगरापासून साधारण ३०० किलोमीटरच्या आत दगडी हत्यारांत काचेचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते. त्यापलीकडे ते झपाट्याने उतरत गेले. म्हणजे जवळचे लोक स्वतः जाऊन आणत होते, आणि पुढे गावागावांतून हातोहात जाताना प्रत्येक जण थोडे ठेवून थोडे पुढे देत होता, असा त्यांनी अर्थ लावला.

तिसरी शंका जमिनीची. वरच्या थरातला दगड उंदीर-घुशीच्या बिळातून किंवा पावसाने खालच्या थरात गेला असेल तर वय चुकेल. म्हणून उकरताना प्रत्येक तुकड्याची खोली, दिशा, जागा वहीत नोंदवावी लागते. मी कारकून माणूस, मला हे लगेच पटले. आवक रजिस्टरमध्ये नोंद नसलेला कागद कितीही खरा असला तरी त्याची तारीख सिद्ध करता येत नाही.

केनियातला पुरावा

आता तीन लाख वर्षांकडे येऊ. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात, नैरोबीच्या नैर्ऋत्येला सुमारे ७० किलोमीटरवर ओलोर्गेसाइली नावाची जागा आहे. शेजारी त्याच नावाचा विझलेला ज्वालामुखी. १९४० च्या दशकात मेरी लीकी आणि लुई लीकी या पती-पत्नींनी इथे उत्खनन केले. महायुद्धाचा काळ होता, त्यामुळे खणण्याच्या कामावर इटलीचे युद्धकैदी होते. तिथे जमिनीवर दगडी हातकुऱ्हाडींचा अक्षरशः खच पडलेला होता. पुढे १९८० च्या दशकापासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे रिक पॉट्स आणि केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांची मंडळी तिथे काम करू लागली.

या जागेची खुबी अशी की, तिथे थरावर थर आहेत आणि मध्ये मध्ये ज्वालामुखीची राख आहे. राखेचे वय काढता येते. खालच्या थरांत, म्हणजे सुमारे १२ लाख ते ५ लाख वर्षांपूर्वीच्या काळात, मोठ्या हातकुऱ्हाडी आहेत. त्यांचा दगड बहुतेक सगळा पाच किलोमीटरच्या आतला. लाखो वर्षे माणसे जवळचाच दगड उचलत होती आणि त्याच धाटणीचे हत्यार घडवत होती. त्यानंतरच्या बराच काळाचे थर धुपून गेलेले आहेत. आणि वरच्या थरांत, सुमारे ३ लाख २० हजार वर्षांपासून पुढे, चित्र पालटते. हत्यारे लहान, नेटकी. दगडाचा गाभा आधी तयार करून त्यातून हवी तशी कपची काढलेली. काठीच्या टोकाला बसवता येतील अशी टोके. आणि दगड? त्यात काळी काच आहे, जी त्या परिसरात नाही.

अॅलिसन ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काचेची रासायनिक तपासणी करून मूळ जागा शोधल्या. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याविषयी एकाच वेळी तीन निबंध आले. काच वेगवेगळ्या दिशांच्या जागांवरून आलेली होती. पुष्कळशी २५ ते ५० किलोमीटरवरून, तर काही थेट ९५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून. मुंबईच्या लोकांसाठी सांगायचे तर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोकलने कल्याणला गेले की पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात आणि कर्जतला गेले की शंभर. तेवढ्या टप्प्यातून दगड येत होता. पायी, डोंगर-दऱ्यांतून, हिंस्र जनावरांच्या मुलखातून.

आपली उलट तपासणी इथे लावून पाहू. दिशा अनेक, म्हणजे नदीचे कारण टिकत नाही. काचेची ढेप घडवण्याआधीच तिथे आणली जात होती, कारण छिलके आणि बारीक चुरा तिथेच पडलेला आहे. थर राखेने बंद झालेले आहेत, म्हणून वयही ठरते. राहिली शंका हातोहात येण्याची. ती इथे पूर्ण फिटत नाही. पण दोन्हींतले काही मानले तरी एक गोष्ट शिल्लक राहते: या माणसांना दूरच्या जागा आणि दूरची माणसे ठाऊक होती. याच थरांत तांबड्या गेरूचे आणि काळ्या रंगाच्या खनिजाचे तुकडेही मिळाले, काहींवर माणसाने काम केल्याच्या खुणा आहेत. रंग पोट भरत नाही. रंग दुसऱ्याला दाखवायचा असतो. म्हणून संशोधक म्हणतात की, इथे टोळ्या-टोळ्यांची एकमेकांशी ओळख आणि देवघेव होती.

ही गरज का पडली? त्या काळात तिथली जमीन भूकंपांनी फाटत होती, पाऊसपाणी बेभरवशाचे झाले होते, जुन्या जातींची बरीच मोठी जनावरे नाहीशी होऊन त्यांच्या जागी दुसरी आली होती. अशा दिवसांत एकाच जागेला चिकटून राहणारा उपाशी मरतो. ज्याची चार ठिकाणी ओळख आहे तो तगतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला पहिली रात्र कोणाच्या खोलीवर काढता आली, यावरच पुढचे सगळे ठरले. तीन लाख वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींचे दुःख आणि आपले दुःख एकच आहे असे मी म्हणत नाही. पण दूरची ओळख अडीनडीला कामाला येते, हा हिशेब फार जुना आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. ओलोर्गेसाइलीच्या त्या थरांत माणसाचे हाड सापडलेले नाही. त्यामुळे ती माणसे तंतोतंत आपल्यासारखीच होती असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला पुरावा मागा.

याहूनही मागे

दगड वाहून नेण्याची सवय मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. केनियातच व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी होमा नावाचे भूशीर आहे. तिथल्या कांजेरा येथे २० लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांसाठी दहा किलोमीटरहून दूरचा कठीण दगड आणल्याचे आधीपासून माहीत होते. जवळचा दगड मऊ, त्याची धार टिकत नाही, म्हणून ही खटपट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एमा फाइनस्टोन आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातील न्यायंगा येथील २६ लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही दगड १३ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून आलेला निघाला. म्हणजे माहितीची सीमा एकदम सहा लाख वर्षे मागे सरकली.

दगड आज उचलायचा आणि उद्या तिकडे लागेल म्हणून सांभाळत न्यायचा, यात पुढचा विचार आहे. वाटेत भूक लागेल, शिकार फाडावी लागेल, कंद ठेचावे लागतील, आणि तिथे चांगला दगड मिळणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे लागते. कामावर निघताना डबा बांधून घेण्यासारखेच ते आहे.

बेटावरची काच आणि न मिळालेली कुऱ्हाड

ग्रीस देशात समुद्राकाठी फ्रँक्थी नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत काळी काच मिळाली आणि तिचे गाव निघाले मिलोस. मिलोस हे शंभरावर किलोमीटर दूर असलेले बेट. तेव्हा समुद्राचे पाणी आजच्याहून खाली होते, तरी मिलोस बेटच होते, मुख्य भूमीला जोडलेले नव्हते. त्या काळातली एकही नाव तिथे सापडलेली नाही. लाकूड कुजून जाते. पण काच बोलते की, कोणी तरी समुद्र ओलांडला होता. नावेशिवाय नावेचा पुरावा मिळाला तो असा.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. मेलबर्न शहराच्या उत्तरेला माउंट विल्यम नावाची टेकडी आहे. तिथल्या हिरवट कठीण दगडाच्या कुऱ्हाडी तिथले मूळ रहिवासी, वुरुंजेरी लोक, पिढ्यान्‌पिढ्या करत आले. ही खाण कोणीही येऊन लुटावी अशी नव्हती. तिची राखण करणारे ठरलेले घराणे होते. ज्याला दगड हवा त्याने निरोप पाठवायचा आणि बदल्यात पोसम या प्राण्याच्या कातड्याची पांघरुणे वगैरे द्यायची, असा रिवाज होता. तो वुरुंजेरी वडीलधाऱ्यांनी सांगितला आणि एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवला गेला.

इझाबेल मॅकब्राइड या विदुषीने १९७० च्या दशकात या कुऱ्हाडींचा माग काढला. दगडाच्या पातळ चकत्या तपासून कोणती कुऱ्हाड माउंट विल्यमची हे ठरवले आणि नकाशावर ठिपके मांडले. कुऱ्हाडी शेकडो किलोमीटर गेलेल्या होत्या. पण सगळीकडे सारख्या नव्हे. पूर्वेला गिप्सलँड भाग काही फार दूर नाही, तरी तिकडे त्या जवळपास गेल्याच नाहीत. कारण? तिथल्या लोकांशी यांचे वैर होते. भाषेचे, सोयरिकीचे नाते होते तिकडे दगड दूरवर गेला, नाते नव्हते तिकडे जवळ असूनही गेला नाही. दगड नुसते अंतर सांगत नाही. कोणाचे कोणाशी जमत होते तेही सांगतो. म्हणून शहाणा संशोधक फक्त पट्टीने अंतर मोजत बसत नाही.

गोऱ्यांच्या वसाहतीत ही खाण वुरुंजेरींच्या हातातून गेली. २००८ साली ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आली आणि २०१२ साली ती जमीन वुरुंजेरी लोकांच्या संस्थेला परत मिळाली. ज्यांच्या पूर्वजांचे हात त्या दगडाला लागले, त्यांचा हक्क कागदावर यायला किती वर्षे गेली, ते पाहा.

आपल्या बाजूला

आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी आणि बैचबाळ खोऱ्यांत अनेक वर्षे पायपीट केली. तिथे इसामपूर येथे १९९७ पासून उत्खनन झाले. आज तो भाग यादगीर जिल्ह्यात येतो. तिथे आदिमानवाची दगडखाणच मिळाली. चुनखडीच्या कठीण लाद्या जमिनीतून निघत होत्या, त्या तिथेच फोडून हत्यारे घडवली जात होती. अर्धवट हत्यारे, छिलके, ठोकण्याचे गोटे, सगळे एका जागी. त्याचे वय १० लाख वर्षांहून अधिक काढण्यात आले आहे. इथे दगडाचे गाव आणि कारागिराचे ठिकाण एकच. हेही उत्तरच आहे: या माणसांचे हिंडणे-फिरणे मुख्यतः आपल्या खोऱ्यापुरते होते.

आपल्या महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी नेवासे आहे, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. तिथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले. जुन्या थरांतील हातकुऱ्हाडी आपल्या नेहमीच्या काळ्या दगडाच्या, तर नंतरच्या थरांतील लहान हत्यारे अकीक, जास्पर अशा बारीक पोताच्या दगडांची. केनियात पाहिली तशीच निवड बदललेली. पण घाई करू नका. अकीक आणि जास्पर आपल्या काळ्या दगडाच्या भेगांत आणि पोकळ्यांतच मिळतात. त्यामुळे दगड बदलला म्हणून माणसे दूरवर जाऊ लागली, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. शिवाय आपला काळा दगड इतक्या प्रचंड मुलखावर पसरला आहे की, एका टेकडीचा दगड दुसऱ्या टेकडीपासून वेगळा ओळखणे फार कठीण. मघाशी सांगितलेली अट इथे आडवी येते. जिथे तपासणी होत नाही तिथे दावा करू नये, हेही शास्त्रच आहे.

दगड काय सांगत नाही

पोथी आणि पुरावा यांत मला दिसलेला फरक असा. पोथीत शंका घेणारा पापी ठरतो. इथे शंका घेणाऱ्याला यंत्रासमोर बसवतात आणि म्हणतात, तू पुन्हा मोजून पाहा. उद्या दुसऱ्या डोंगरावर तशीच काच सापडली, तर आजचा निष्कर्ष बदलेल आणि तो बदलला म्हणून कोणी चिडणार नाही. निदान चिडू नये.

दगड बरेच काही सांगतही नाही. ती माणसे कोणती भाषा बोलत होती, त्यांची नावे काय, हे सांगत नाही. घडवणारा हात बाईचा की पुरुषाचा, हेही सांगत नाही. शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांत मात्र दगड फोडणारा नेहमी दाढीवाला पुरुष असतो आणि बाई मूल घेऊन शेकोटीपाशी बसलेली असते. हे चित्र दगडाने दिलेले नाही, चित्रकाराने दिलेले आहे. मुलींना हे जरूर सांगा.

आणि सुट्टीत गावी गेलात तर मुलांना नदीच्या पात्रात घेऊन जा. दहा दगड गोळा करा. कोणता वाहत आला, कोणता काठाच्या डोंगराचा, ते साल पाहून ओळखायला लावा. गारगोटी कुठली, अकीक कुठला, ते विचारा. शक्य तर गावातल्या जुन्या पाथरवटाला सोबत घ्या, कारण त्याच्याइतके ज्ञान पुस्तकात मिळणार नाही. धारदार, हाताने घडवल्यासारखा दगड जमिनीत रुतलेला दिसला तर तो खिशात टाकून आणू नका. घरच्या शोकेसमध्ये तो शोभेचा दगड होतो. जागेवर असेतोवर तो साक्षीदार असतो. जागेची नीट खूण करा, शाळेच्या गुरुजींना दाखवा, फोटो काढा आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला पत्र टाका. खडी केंद्रासाठी आणि रस्त्यासाठी टेकड्या फुटत आहेत, त्या कामावर आपलीच माणसे आहेत. त्यांच्या नजरेला जे पडेल ते कोणा प्राध्यापकाच्या नजरेला पडणार नाही. तेव्हा कामावरच्या मंडळींनाही हा अंक वाचून दाखवा.